राणीच्या बागेंत नातवंडांबरोबर

गेल्या नाताळच्या सुटींत चिरंजिवांच्या आग्रहावरून आठ दिवस मुंबईस राहण्याचा योग आला. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून मुंबईचा प्रवास मला नकोसाच वाटतो. तेथील गर्दींत माझ्यासारख्या घाटावरच्या मास्तराचें पाऊल नीट पडत नाहीं. परंतु थोरला नातू नऊ वर्षांचा व धाकटी नात सहा वर्षांची. त्या दोघांनीं "आजोबा आले कीं पेंग्विन पाहावयास जावयाचें" असा ठराव मी गाडींतून उतरण्यापूर्वींच मंजूर करून ठेवला होता. सूनबाईंनीं पोळीभाजीचा डबा बांधून दिला, बुधवारीं बाग बंद असते हेंहि आठवणीनें सांगितलें, आणि गुरुवारीं सकाळीं आम्ही भायखळ्याच्या स्टेशनावर उतरलों. चिरंजिवांनीं आम्हांस बागेच्या दरवाज्यापर्यंत पोंचविलें व ते कचेरीस गेले.

या बागेंत मीं पहिल्यानें पाऊल टाकलें तें १९६८ सालीं, वडिलांचें बोट धरून. तेव्हां मुंबईंत दूरचित्रवाणीचें नांवहि नव्हतें. तें केंद्र तेथें सुरू झालें २ ऑक्टोबर १९७२ रोजीं, आणि आमच्या गांवीं पहिला संच येण्यास त्यापुढें आणखी दहाबारा वर्षें लागलीं. त्यामुळें हत्ती किंवा वाघ कसा असतो हें आम्हां मुलांस ठाऊक होतें तें अंकलिपींतील चित्रावरून, नाहींतर दारावर येणाऱ्या गोसाव्याच्या हत्तीवरून. आज माझ्या नातवंडांनीं घरीं बसल्या बसल्या जितके प्राणी पाहिले आहेत, तितके एखाद्या संस्थानिकानेंहि पाहिले नसतील. या दोन पाहण्यांत फरक काय, ही उत्सुकता मनांत धरूनच मी आंत शिरलों. खरें सांगावयाचें तर फरक कोणता निघणार हें मीं आधींच ठरवून टाकलें होतें.

बाग १८६२ सालीं लोकांस खुली झाली तेव्हां ती झाडांची बाग होती. प्राणी मागाहून आले. व्हिक्टोरिया राणीच्या नांवावरून ती राणीची बाग झाली. आज तिला वीरमाता जिजाबाई भोसले यांचें नांव आहे, तरी टॅक्सीवाला अजून 'राणीबाग' असेंच म्हणतो. राणी गेली, राज्य गेलें, पण लोकांच्या तोंडांतील बाग कांहीं गेली नाहीं. दरवाज्याजवळच १८७२ सालीं उघडलेलें वस्तुसंग्रहालय असून त्यास आतां डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. त्याच्या बाजूस घारापुरीचा तो प्रसिद्ध दगडी हत्ती उभा आहे. ज्याच्यावरून पोर्तुगिजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें, तोच हा हत्ती. १८६४ सालीं इंग्रजांनीं त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला, तेव्हां उचलतांना तो मोडला व त्याचे तुकडे येथेंच राहिले. पुढें ते सांधून तो पुनः उभा करण्यांत आला. हा सर्व वृत्तांत मी मोठ्या हौसेनें सांगूं लागलों, पण नातवाचें लक्ष पेंग्विनच्या घराकडे जाणाऱ्या बाणावर होतें, आणि नात म्हणाली, "आजोबा, हा हत्ती हालत नाहीं." तिच्या बोलण्यांत खोटें कांहींच नव्हतें. १९६५ सालीं शहरांतून येथें आणून ठेवलेला सातव्या एडवर्डाचा काळा घोडा मीं मग एकट्यानेंच लांबून पाहिला.

पेंग्विनांचें घर म्हणजे एक वातानुकूलित इमारत आहे. बाहेर डिसेंबरांतहि मुंबईची ओलसर उष्णता, आणि आंत भली मोठी कांच. कांचेपलीकडे खडक, निळें पाणी व सोळा-अठरा अंशांचा गारवा. १९६८ सालीं येथें गज असत, गजांमागें प्राणी असे, आणि त्याचा वासहि येई. आतां वास नाहीं, आवाज नाहीं. अंधाऱ्या खोलींत उजळलेली एक मोठी चौकट आणि तींत हालणारीं चित्रें. माझ्या नातीनें कांचेवर बोट ठेवून तें बाजूस सरकविलें. भ्रमणध्वनीवर चित्र पुढें ढकलण्याची जी क्रिया आहे, तीच ती. पेंग्विन पुढें सरकला नाहीं तेव्हां तिनें माझ्याकडे पाहिलें. मला हंसूं आलें, परंतु त्या क्षणापासून ती कांच मला दूरचित्रवाणीच्या पडद्यासारखीच दिसूं लागली. भोंवतालचे वडीलधारे लोकहि हातांतील यंत्रें उंच धरून मोठ्या कांचेंतील पक्षी लहान कांचेंत पाहत होते.

"आजोबा, बर्फ कुठें आहे?" नातवाचा पहिला प्रश्न.

मीं त्यास सांगितलें कीं, हे हंबोल्ट जातीचे पेंग्विन आहेत. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू व चिली या देशांत, यांचें मूळ वसतिस्थान. तेथील समुद्रांतून थंड पाण्याचा एक प्रवाह वाहतो. हंबोल्ट नांवाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून त्या प्रवाहास नांव पडलें आणि त्या प्रवाहावरून या पक्ष्यास. किनारा मात्र कोरडा, बहुतेक वाळवंटच. शतकानुशतकें साठलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या थरांत बिळें करून हे अंडीं घालीत. एकोणिसाव्या शतकांत तो थर खत म्हणून खणून जहाजें भरभरून परदेशीं गेला व यांचीं घरें गेलीं. यांच्या मूळ किनाऱ्यावर बर्फ नाहीं. नातवानें सर्व ऐकून घेतलें व म्हणाला, "पण टीव्हीवर बर्फावरच असतात." आमच्या शेजारची दुसरीं मुलेंहि आपापल्या आईबापांस हाच प्रश्न विचारीत होतीं, आणि एक आई बिचारी "अरे, रात्रीं घालतात बर्फ" असें सांगून मोकळी झाली. पडद्यावरचा पेंग्विन खरा ठरला व समोरचा जिवंत पक्षी कांहींतरी उणा! चाळीस वर्षें भूगोलाच्या तासाला नकाशा टांगणाऱ्या माझ्यासारख्यास यांत दुःख होणें साहजिक आहे.

परंतु नांवें ऐकून मी अधिक चकित झालों. २०१६ च्या जुलैंत दक्षिण कोरियांतील सेऊल शहराहून आठ पेंग्विन येथें आले. त्यांतील डोरी नांवाची मादी त्याच वर्षीं ऑक्टोबरांत दगावली. उरलेले सात १९१७ च्या नव्हे, आपल्या २०१७ च्या मार्चमध्यें लोकांस दाखविण्यांत आले. (शतकाची चूक आतां या वयांत माझ्या लेखणीकडून वारंवार होते.) या पक्ष्यांचीं नांवें डोनाल्ड, डेझी, पॉपाय, ऑलिव्ह, फ्लिपर, बबल आणि मोल्ट. नातवानें मला एकेकाची वंशावळ सांगितली. डोनाल्ड व डेझी हीं अमेरिकन चित्रपटांतील बदकें. पॉपाय हा पालक खाऊन बलवान होणारा खलाशी व ऑलिव्ह त्याची प्रेयसी. डोरी हा एका चित्रपटांतील विसराळू मासा. म्हणजे पेरूच्या वाळवंटी किनाऱ्यावरील पक्षी कोरियामार्गें मुंबईस आला, आणि त्याला ओळख मिळाली ती पडद्यावरील बदकाची व खलाशाची.

नातवास एका नांवाचें मूळ मात्र ठाऊक नव्हतें. तें मला ठाऊक होतें. 'फ्लिपर' ही १९६४ ते १९६७ पर्यंत अमेरिकेंत चाललेली मुलांची मालिका. तिचा नायक एक डॉल्फिन. तो मुलांशीं खेळे, संकटांत त्यांस सोडवी. ती पाहून डॉल्फिन हा माणसाच्या खेळासाठींच जन्मलेला हंसतमुख प्राणी आहे अशी एका पिढीची समजूत झाली, आणि जागोजाग डॉल्फिनांचे खेळ सुरू झाले. पण डॉल्फिनच्या ओठांची ठेवणच तशी आहे. तो मरणपंथास लागला तरी हंसतांनाच दिसतो. त्या मालिकेसाठीं डॉल्फिन शिकविणारे रिक ओ'बॅरी यांनीं, त्यांतली एक डॉल्फिन १९७० सालीं मरण पावल्यानंतर, डॉल्फिन कोंडण्याविरुद्ध आयुष्य वेंचलें. आपल्या देशांत २०१३ सालीं केंद्र सरकारनें डॉल्फिनांच्या अशा खेळांस परवानगी देऊं नये असें सर्व राज्यांस कळविलें. हें मीं नातवास सांगत असतां फ्लिपर कोणता हें ओळखण्याचा आम्हीं पुष्कळ प्रयत्न केला. सगळेच सारखे दिसत होते.

इतक्यांत एका धिप्पाड गृहस्थानें, पक्षी आपल्याकडे वळावा म्हणून, अंगठीनें कांचेवर टकटक केली. मी कांहीं बोलणार तों माझा नातूच पुढें झाला. "काका, कांचेवर वाजवूं नका ना. त्यांना त्रास होतो." गृहस्थ वरमले. "कोणी सांगितलं रे तुला?" "टीव्हीवर दाखवतात," नातू म्हणाला. गृहस्थांनीं हात खिशांत घातला, व आम्ही पुढें सरकलों.

येथें मला एक गोष्ट कबूल करणें भाग आहे. १९९४ च्या जानेवारींत सातवीच्या चाळीस विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी एस. टी.नें पुण्यास गेलों होतों. तेव्हां पुण्याचे प्राणी पेशवे पार्कांत असत. १९९९ सालीं ते कात्रजच्या उद्यानांत गेले. त्याच्या आदल्या वर्षीं, म्हणजे १९९३ सालीं, दूरदर्शनवर रविवारीं सकाळीं 'जंगल बुक' ही चित्रमालिका लागत असे. त्या वेळीं गांवांतील रस्ते ओस पडत. रडयार्ड किप्लिंग जन्मला मुंबईंत, १८६५ सालीं. मोगलीच्या गोष्टी त्यानें लिहिल्या अमेरिकेंत. त्यांचीं हालतीं चित्रें काढलीं जपानांत. आणि हिंदी मालिकेंत शेरखान वाघास आवाज दिला आमच्या नाना पाटेकरांनीं. एवढा वळसा घेऊन तो वाघ माझ्या वर्गांत येऊन बसला होता. पेशवे पार्कांतील वाघ आमच्याकडे पाठ करून निजला होता. मुलांनीं एकच गलका केला, "शेरखान! शेरखान!" वाघ उठेना. मुलें इतक्या लांबून आलीं, यांची निराशा होऊं नये म्हणून मीं छत्रीच्या दांड्यानें कठड्यावर ठोकलें. एकदां नव्हे, चांगलें चारपांच वेळां. वाघानें मान वळवून आमच्याकडे पाहिलें आणि पुनः खालीं ठेवली. मुलांनीं त्याची हुर्यो उडविली. शेरखान हा दुष्ट होता ना, त्याची हुर्यो उडविण्यांत वाईट तें काय? मीहि हंसलों. तेथील रखवालदार जवळ आला आणि अगदीं हळू आवाजांत म्हणाला, "गुरुजी, तुमच्या वर्गाच्या दारावर कुणी असं ठोकलं तर चालेल का तुम्हांला?"

त्या वेळीं मला राग आला होता. घरीं येऊन मीं ती गोष्ट कोणास सांगितली नाहीं. आज प्रथमच लिहीत आहें. अमरकोशांतील सिंहादिवर्ग मुलांकडून घोकून घेणारा मी, 'व्याघ्र' शब्दाची व्युत्पत्ति वास घेण्याच्या धातूपासून कशी होते हें फळ्यावर लिहून दाखविणारा मी. परंतु निजलेल्या वाघास निजूं द्यावें एवढें मला सुचलें नाहीं, आणि नऊ वर्षांच्या पोरास तें सुचलें. त्यास तें ज्या यंत्रानें शिकविलें, त्याच यंत्रानें पेंग्विनखालीं बर्फहि घातला होता. माझा आधीं ठरविलेला निकाल येथें प्रथम डळमळला.

दुपारीं एका जुन्या गोरखचिंचेच्या सावलींत आम्हीं डबा सोडला. हें झाड मूळचें आफ्रिकेंतलें. दहा माणसांनीं हात धरले तरी कवेंत न येणारे त्याचे बुंधे या बागेंत आहेत. त्याखालीं बसलेल्या शेंकडों माणसांपैकीं वर पाहणारा मला कोणी दिसला नाहीं. झाडांची मालिका अजून निघाली नसावी.

पोळी खातां खातां नातवानें विचारलें, "आजोबा, त्या पेंग्विनांना घरीं कधीं सोडणार?"

मी म्हणालों, "कोणत्या घरीं?"

"त्यांच्या घरीं. टीव्हीवर ते रात्रीं पळून जातात."

हा प्रकार असा. २००५ सालीं 'मादागास्कर' नांवाचा एक अमेरिकन चित्रपट निघाला. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांतील प्राणिसंग्रहालयांतून सिंह, झेब्रा, जिराफ व पाणघोडा बाहेर पडतात अशी त्याची कथा. त्यांत चार पेंग्विन आहेत. ते सैनिकांप्रमाणें मसलती करतात. तें चौकट इतकें लोकप्रिय झालें कीं तीनचार वर्षांनीं त्या पेंग्विनांचीच स्वतंत्र मालिका निघाली, व ती आमच्या घरीं हिंदींतून चालते. गंमत अशी कीं, सेंट्रल पार्कांतील त्या खऱ्या लहानशा संग्रहालयांत आज सिंह नाहीं, जिराफ नाहीं, पाणघोडाहि नाहीं; पेंग्विन मात्र आहेत. मालिका पाहणाऱ्या मुलास प्राणिसंग्रहालय म्हणजे तुरुंग वाटतो, आणि प्राणी म्हणजे सुटकेची संधि पाहणारा धूर्त कैदी. १९६८ सालीं हा प्रश्न माझ्या मनास शिवलाहि नव्हता. मीं वडिलांस विचारलें होतें तें "हा चावतो का?" आणि माकडाच्या पिंजऱ्यांत भुईमुगाच्या शेंगा टाकल्या होत्या, रिकामीं टरफलेंहि टाकलीं होतीं, कारण तें फसतें कीं नाहीं हें पाहावयाचें होतें.

नातवास काय उत्तर द्यावें? भारतांत जन्मलेलें पेंग्विनचें पहिलें पिलूं याच घरांत १५ ऑगस्ट २०१८ रोजीं अंड्यांतून बाहेर आलें. तें आठवडाभरच जगलें. त्यानंतर २०२१ पासून पिलें झालीं, वाढलीं, आणि मूळच्या सातांचे आतां डझनाहून अधिक झाले आहेत. या पिलांनीं पेरूचा किनारा पाहिलेला नाहीं. त्यांना माशांची बादली ठाऊक, समुद्र नाहीं. "त्यांचें घर भायखळा," मी म्हणालों. नातू बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पण त्यांना विचारलं का कोणी?" या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मीं त्यास लोणच्याची फोड वाढली.

प्राण्यांस बोलतें करणें हा दोष म्हणावा, तर पहिला दोष आमच्या विष्णुशर्म्याकडे जातो. पंचतंत्रांत पिंगलक सिंह दरबार भरवितो, दमनक कोल्हा कारस्थानें करतो, आणि संजीवक बैल मैत्रीपायीं प्राणास मुकतो. पिढ्यान् पिढ्या मुलांनीं तें वाचलें. पण पंचतंत्र वाचून दमनकाचा शोध घेत कोणी रानांत गेला नाहीं. तो कोल्हा म्हणजे राजाच्या दरबारांतील मंत्री, हें दहा वर्षांच्या मुलासहि कळे; गोष्ट माणसांची, कातडें तेवढें प्राण्यांचें. चित्रवाणीच्या पडद्यावर मात्र पीस न् पीस खरें दिसतें, पाणी खरें दिसतें. त्यामुळें त्याच्या तोंडचें बोलणेंहि खरें वाटूं लागतें. जपानांत १९७७ सालीं रास्कल नांवाच्या रॅकूनची मालिका लागली. रॅकून हा अमेरिकेंतील मांजराएवढा, डोळ्यांभोंवतीं काळे पट्टे असलेला प्राणी. घरोघर मुलांनीं हट्ट धरला, हजारोंनीं पिलें आयात झालीं, आणि मोठीं झाल्यावर तीं चावूं लागलीं तेव्हां लोकांनीं तीं रानांत सोडून दिलीं. मालिकेच्या शेवटीं तो मुलगाहि त्यास रानांतच सोडतो. आज ते रॅकून जपानांत शेतांचा नि जुन्या देवळांचा नाश करीत आहेत. मोगलीची चित्रें काढणारी व हीं चित्रें काढणारी संस्था एकच.

आणि तरी दूरचित्रवाणी ही प्राणिसंग्रहालयाची वैरीण आहे असेंहि म्हणवत नाहीं. ती तर त्याच्याच कुशींत वाढली. १९५० सालीं शिकागोच्या लिंकन पार्क संग्रहालयाचे संचालक मार्लिन पर्किन्स यांनीं आपल्याकडील प्राणी हातांत घेऊन कॅमेऱ्यापुढें दाखविण्यास आरंभ केला. त्या कार्यक्रमाचें नांव 'झू परेड'. एकदां तालमीच्या वेळीं त्यांना एक विषारी साप चावला. प्रक्षेपण तेव्हां सुरू झालें नव्हतें. तरी पुढें कितीतरी लोक "तो साप चावतांना आम्हीं डोळ्यांनीं पाहिला" असें शपथेवर सांगत! लंडनमध्यें १९५४ सालीं डेव्हिड ॲटनबरो यांनीं 'झू क्वेस्ट' सुरू केलें. तींत दूरदेशीं जाऊन संग्रहालयासाठीं प्राणी धरून आणीत. तेच ॲटनबरो पुढें रानांतील प्राणी रानांतच दाखवून जगप्रसिद्ध झाले. धरून आणण्याचें कौतुक ज्यानें प्रथम दाखविलें, त्याच्याच नंतरच्या चित्रांमुळें पिंजऱ्यांतला प्राणी लोकांस दीनवाणा वाटूं लागला.

दुपारनंतर आम्ही पाणघोड्याकडे वळलों. ग्रीक भाषेंत त्याच्या नांवाचा अर्थ नदीचा घोडा. मराठीनेंहि त्यास घोडाच म्हटलें, हें मला नेहमीं मौजेचें वाटतें, कारण त्याच्यांत घोड्याचें लक्षण शोधूं गेल्यास सांपडत नाहीं. पेंग्विनांच्या घरापुढें रांग होती. येथें कठडा जवळजवळ मोकळा. हिरवट पाण्याचें एक डबकें, त्यावर दोन पिंपळपानें, आणि दुसरें कांहीं नाहीं. लोक येत, दोन क्षण पाहत, "कांहीं नाहींय इथं" म्हणत आणि जात. एकानें तर फलकावरील चित्राचाच फोटो घेतला. नातूहि मिनिटभरांत कंटाळला. "हा कांहींच करत नाहीं. टीव्हीवर तो मगरीशीं भांडतो."

येथें त्या यंत्राची दुसरी करणी मला स्पष्ट दिसली. ज्या चित्रांत पाणघोडा मगरीशीं भांडतो, तें मिळविण्यासाठीं कोणी तरी आठवडेच्या आठवडे नदीकांठीं डांस खात बसलेला असतो. ते आठवडे कापून टाकून उरलेला अर्धा मिनिट आमच्या घरीं येतो. मूल समजतें कीं प्राण्याचें आयुष्य त्या अर्ध्या मिनिटांचेंच बनलेलें आहे. आणि मग खरा प्राणी स्वस्थ बसला कीं तो आजारी वाटतो, आळशी वाटतो, नाहींतर पैसे फुकट गेले असें वाटतें. दया शिकवितांना त्यानें धीर काढून घेतला. आमच्या पिढींत दोन्ही नव्हते हें खरें. पण आम्हांस दुसरें पाहावयासच कांहीं नसल्यामुळें आम्ही निदान तासभर कठड्यापाशीं उभे तरी राहत असूं.

नात मात्र कठड्यास नाक लावून उभी होती. "आजोबा, बुडबुडा," ती म्हणाली. मीं पाहिलें, बुडबुडा होता खरा. तिला मीं सांगितलें कीं पाणघोडा पाण्याखालीं पांचेक मिनिटें दम धरूं शकतो, मग त्यास वर यावेंच लागतें. "मोजूं या?" ती म्हणाली. मीं मनगटावरचें घड्याळ उतरवून तिच्या हातीं दिलें. सेकंदकांटा कसा मोजावा हें नातवानें तिला दाखविलें, अर्थात् मोठेपणानें, व दाखविण्याच्या निमित्तानें तोहि थांबला.

पहिलें मिनिट लांबलें. दुसऱ्या मिनिटांत एक बाई मुलास घेऊन आल्या आणि गेल्या. तिसरें मिनिट संपतां संपतां पाण्यांतून दोन नाकपुड्या वर आल्या, 'फुस्स' असा मोठा आवाज झाला, पाण्याचा तुषार उडाला, दोन लहान कान गरगर फिरले, आणि सर्व कांहीं पुनः खालीं गेलें. "तीन मिनिटं नि दहा!" दोघें एकदम ओरडलीं. मीं त्यांस हळू बोलण्याची खूण केली. दुसऱ्या खेपेस तो दोन मिनिटें चाळीस सेकंदांनीं वर आला. तिसऱ्या खेपेस पुनः तिनाच्या पुढें. नातवानें सहलीच्या वहींत आंकडे लिहून घेतले. "दरवेळीं सारखं का नाहीं येत?" त्यानें विचारलें. मला ठाऊक नव्हतें, आणि तसें मीं सांगितलें. चौथ्या वेळेस तो वर येण्यापूर्वींच पहारेकऱ्याची शिट्टी झाली; बाग बंद होण्याची वेळ आली होती.

"अजून एकदां, आजोबा," नात म्हणाली. पहारेकरी आमच्याकडे येऊं लागला. मीं त्याच्याकडे पाहून हात जोडले आणि बोटानें पाण्याकडे दाखविलें. तो भला माणूस होता. आमच्याशेजारीं येऊन उभा राहिला, आणि नातीच्या हातांतील घड्याळाकडे पाहूं लागला.